वीस लिटर

सभा निपाणीच्या आयबीत होती.
खिडकीतून वखारीचा खाट आत येत होता
आणि दोन्हीकडचे साहेब आळीपाळीनं शिंकत होते.
त्याला दुभाषा लागला नाही.

बाकी सगळं माझ्यातून गेलं.
हिरेमठ मॅडम कानडीत म्हणाल्या, हण कुठून यायचा?
शिंत्रे साहेब दचकून माझ्याकडे बघायला लागले.
साहेब, हण म्हणजे पैसा, मी म्हटलं,
मारायचं अजून कुणी बोललेलं नाही.

विषय: सावळीचा ओढा.
कागदावर त्याला दोन नावं, दोन लांब्या,
एका नकाशात तो तीनशे मीटर जास्त वळतो.
केंदाळ मात्र एकच,
या काठाला मूळ धरून त्या काठाला फुललेलं,
जांभळं, देखणं,
खाली मरळ माशाचा श्वास कोंडून.

खर्च अर्धा-अर्धा ठरला.
‘अर्ध’ दोन्ही भाषांत अर्धच असतं,
त्या शब्दाशी पोचलो तेव्हा मी जरा टेकलो,
पाणी प्यालो. बाटलीतलं.

पण त्यांचा अर्धा मार्चच्या आत संपवायचा होता
आणि आपला अर्धा मार्चनंतर सुटणार होता.
(‘आपला’ म्हणजे कुठला, हे मला विचारू नका.
पगार माझा बेंगळुरूहून येतो,
आई माझ्यावर मराठीत रागावते.)

फेब्रुवारीत पलीकडून पोकलेन उतरलं.
पायगोंडानं ओढा बरोबर मधोमध साफ केला,
निम्म्या पाण्यावर दोर ताणला, दोराला रिकामे कॅन,
अलीकडं हिरवं, पलीकडं आभाळ.
फोटो निघाले. मी दोन भाषांत ओळी लिहिल्या.
चौथ्या दिवशी वारा फिरला
आणि केंदाळ दोराखालून निवांत पलीकडं गेलं.
सुगंधा भोई जाळं झटकत म्हणाली,
निम्मं अंग धुऊन कोण न्हायलं म्हणतंय व्हय रं?
हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं.

एप्रिलात आपलं मशीन आलं, बाबालाल मुजावरचं,
आणि दुसऱ्याच दिवशी थांबलं.
डिझेलचं बिल कोल्हापुरात अडकलं होतं,
कुठल्या टेबलावर, ते टेबलालाही माहीत नसावं.
बाबालाल दोन दिवस काठावर बसून
नखानं मशीनचा गंज खरवडत होता.

तिसऱ्या संध्याकाळी पायगोंडानं
आपल्या टाकीत नळी घातली, तोंडानं ओढली,
थुंकला, शिवी दिली, कुठल्या भाषेत ते ऐकू आलं नाही,
आणि दोन कॅन डोक्यावर घेऊन
कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला.
तगो मामा, एवढंच म्हणाला.
बाबालालनं तगलं.

त्या रात्री दोन्ही मशीनं समोरासमोर चालली,
एकमेकांच्या डोळ्यांत उजेड पाडत.
पहाटे मधला दोर सापडेना.
बहुतेक केंदाळाबरोबर ट्रॉलीत गेला.
सुगंधाबाईनं चहा केला, त्यात रॉकेलचा वास होता,
सगळ्यांनी प्याला.

आता लेखापरीक्षणाचं पत्र आलंय, दोन प्रतींत.
सदर वीस लिटर इंधन
कोणत्या राज्याच्या हद्दीत खर्ची पडले?
मी खाली तारीख घातलीय, जावक क्रमांक घातलाय.
धूर, साहेब, आधी वर गेला,
मग नेर्लीच्या बाजूला वळला,
मग अंधार पडला.

हे कानडीत मला जमलंय.
मराठीत अजून लिहितोय.